सात पाय

त्या सप्टेंबरात आमच्या घरात मोजण्यासारखे आठ पाय होते.
एक बाबांचा, मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये,
खिडकीपाशी स्टुलावर टेकवलेला.
बाकीचे सात आईचे, ओव्हनमध्ये, आळीपाळीनं:
चार रूबार्बचे, तीन सफरचंदांचे.

मॅनिटोबात पिकलेला गहू कुणाचा पाय जुळायची वाट बघत नाही.
गुरुवारी पाऊस, रेडिओ म्हणाला.
बुधवारी दव सुकायच्या आत शेजाऱ्यांची यंत्रं आली,
रस्ताभर धूळ, वरातीसारखी संथ:
फ्रीझन, वीबे, दोघे टेव्स भाऊ,
आणि सगळ्यांत मागे, कुणी बोलावलं नसताना,
आब्राम लेवेन.

अकरा वर्षं तो आमच्याशी बोलला नव्हता.
कारण एक चर. पाणी कुणाच्या रानातून जायचं, एवढंच.
चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर, आम्ही मागच्या,
एकाच देवाकडे उलटसुलट पाऊस मागायचो.

आईनं त्याचं यंत्र पाहिलं
आणि आणखी चार बटाटे सोलायला घेतले.

पहाटेपासून काचांना घाम सुटला होता.
चक्का भरलेल्या वेरेनिकी उकळत्या पाण्यात बुडायच्या
आणि थोड्या वेळानं एकेक वर यायच्या,
नुकतं पोहायला शिकलेल्या पोरांसारख्या, फुगून.
सॉसेजच्या चरबीत कांदा, कांद्यावर साय,
सायीवर मिरपूड, आणि त्यावर झाकण,
कारण माझं बोट.
आजीच्या हातचं एक पिवळं कार्ड भिंतीला टाचलेलं:
पीठ, पुरेल इतकं.
लोणी, वाटतं त्याहून जास्त.
भट्टीत हात धरावा; दहा मोजता आले, तर लाकूड घाल.
लाकडाची भट्टी जाऊन वीस वर्षं झाली होती.
आई तरी हात धरायची.

मी नऊ वर्षांची. माझं काम, पिकअपमध्ये बसून
मांडीवर पाय सांभाळणं.
टॉवेलमधूनही चटका बसायचा.
खड्डा आला की आई नुसतं म्हणायची, धर.

दुपारी शेतातच, गाडीचं फळकूट पाडून, पंगत.
टोप्या उतरल्या. कपाळं पांढरी, गाल मातकट.
प्रार्थना आखूड; रश्शावर साय धरायच्या आत आमेन.
मग कुणी बोललं नाही. काटे वाजत राहिले.
थोरल्या टेव्सनं तिसऱ्यांदा ताट पुढे केलं,
नजर मात्र आभाळाकडे, ढग तपासत असल्यासारखी.

लेवेन खाली उतरलाच नाही.
केबिनमध्ये बसून कागदातला सुका पाव चावत होता.

आईनं सातवा पाय उचलला. अख्खा, सुरी न लावलेला.
खुंटांमधून ती चालत गेली, एप्रन वाऱ्यानं तोंडावर येत होता,
हात मोकळा नव्हता म्हणून तो तसाच.
शिडी चढली. कोपरानं काच ठोकली.
काय बोलली, ते यंत्राच्या घरघरीत गेलं.
काटा न्यायला ती विसरली होती.
विसरली नव्हती, असं मला आता वाटतं.
रूबार्बचा लाल रस कोपरापर्यंत ओघळत
एक मोठा माणूस बोटांनी जेवत होता,
आणि बाकीच्या सगळ्यांनी अचानक
आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला घेतल्या.

संध्याकाळी बाबा खिडकीतून म्हणाले,
लेवेन वाकडं कापतोय. वळणावर हातभर सोडतोय.
आई भांडी घासत म्हणाली,
त्या चराजवळ आलं की सगळेच वाकडे होतात.
बाबांनी प्लास्टरच्या आत काहीतरी खाजवलं.

पाऊस आला, शुक्रवारी, थोडासाच.

तीन आठवड्यांनी पायरीवर आमची पत्र्याची थाळी दिसली,
घासलेली, आमच्यापेक्षा लख्ख.
रिकामी नव्हती. रानटी प्लम होते, काठोकाठ,
चराच्या पलीकडच्या झुडपांतले,
चिठ्ठी नाही, काही नाही.

आंबट आहेत, बाबा म्हणाले,
आणि बिया मुठीत जमवत
थाळी अर्धी केली.